ट्रायकोकार्ड बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका

प्रश्न (गुहागर): भातावरच्या खोडकिड्यासाठी ट्रायकोकार्डं आणली, पण पावसाची उघडीपच नाही. ती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर चालतील का? रेड्याचं वीर्य नायट्रोजनच्या कॅनमध्ये वर्षानुवर्षं टिकतं, मग आमच्या सातेरी मधमाशीच्या चांगल्या पेटीतली अंडी तशी गोठवता येतील का?

उत्तर: बर्फाच्या कप्प्यात अजिबात नको. कार्डावरचे काळे ठिपके म्हणजे तांदळावरच्या पतंगाची अंडी. अळी निघू नये म्हणून ती प्रयोगशाळेत आधीच मारलेली असतात. त्यांच्या आत जिवंत असतो तो ट्रायकोग्रामा, म्हणजे खोडकिड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालून ती मारणारी इवलीशी माशी, आणि बर्फाच्या कप्प्यात नेमका तोच मरतो. बर्फ धरला नाही तरी नुसत्या गारठ्याने मरतो.

कार्डं खालच्या कप्प्यात, 5 ते 10 अंशांवर ठेवा. आठवडाभर निभावतं, पुढे मात्र अंड्यांतून माशी निघण्याचं प्रमाण रोज घटत जातं. आपल्याकडच्या दमट हवेत खरी गडबड कार्ड बाहेर काढताना होते. थंड कार्डावर दव धरतं, डिंक सुटतो, अंडी गळतात. म्हणून पिशवी बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा.

शंका असेल तर कार्डाचा नखाएवढा तुकडा कापून काचेच्या बाटलीत घाला, कापसाचं बूच लावा. माश्या निघून गेल्यावर भिंगाने शंभर काळी अंडी मोजा. ज्यातून माशी निघाली त्याला बारीक गोल भोक असतं. ऐंशीच्या वर भोकं असतील तर कार्ड उत्तम. निम्मीच असतील तर कार्डं दुप्पट लावा: हेक्टरी 50 हजार अंड्यांच्या मात्रेला 20 हजारांची अडीच कार्डं लागतात, तिथे पाच. तुकडे पानाच्या खालच्या बाजूला टाचा. सर जोराची असेल तर काठीवर कागदी पेला उपडा घालून त्याच्या आत टाचा.

आता सातेरी. वीर्य गोठतं, कारण शुक्रपेशी सुटी आणि इवलीशी. संरक्षक द्रव तिच्यात पटकन शिरतो. कीटकाच्या अंड्याला बाहेर कवच, आत मेणाचा थर, आणि पोटात बलक. द्रव आत जातच नाही. प्रयोगशाळेत आधी ब्लीचने कवच उतरवतात, मग हेप्टेनसारख्या द्रावकाने मेणाचा थर ढिला करतात. नंतर इथिलीन ग्लायकॉल हा संरक्षक द्रव टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात आणि गर्भ एकदम उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात, म्हणजे आत बर्फाचे खडे न होता सगळं काचेसारखं घट्ट होतं. ग्लायकॉल कमी पडलं तर खडे होतात, जास्त पडलं तर विषबाधा. गर्भाचं वय थोडं मागेपुढे झालं तरी डाव फसतो. 1990 च्या सुमारास हे पहिल्यांदा साधलं ते ड्रोसोफिलावर. आंब्यातली फळमाशी नव्हे, पिकल्या केळ्यांवर घोंगावणारं चिलट.

मधमाशीचं अंडं तिसऱ्या दिवशी फुटतं आणि त्या अळीला लगेच दाई माश्या लागतात. त्यामुळे मधमाशीत जगभर भर आहे तो नरांचं वीर्य गोठवून राणीला कृत्रिम रेतन करण्यावर. त्यातही शुक्रपेशी कमी जगल्या तर राणी फलन न झालेली अंडी घालते आणि पेटीत नरच नर होतात. तुमच्या फ्रीजरचा मधपाळाला उपयोग एकच: रिकामी पोळी दोन दिवस आत ठेवा, मेणपतंगाची अंडीसुद्धा मरतात.

चांगली जात टिकवायची ती जिवंत पेट्यांतूनच. एकाच राणीपासून सगळ्या पेट्या वाढवू नका. जवळच्या नात्यात संयोग झाला की निम्म्यापर्यंत पिल्लावळ कामकरी माश्याच काढून टाकतात आणि पोळं चाळणीसारखं दिसू लागतं. वेगवेगळ्या रानांतून आलेल्या पाच-सहा वसाहतींच्या राण्या ठेवा, शेजारच्या वाडीशी अदलाबदल करा. घाटावरून किंवा परराज्यातून पेट्या आणू नका. थाई सॅकब्रूड हा अळ्या मारणारा विषाणूरोग त्यांच्याबरोबर येतो. जून ते सप्टेंबर फुलोरा नसतो, तेव्हा साखर आणि पाणी समभाग करून पाक संध्याकाळी पेटीच्या आत द्या. बाहेर सांडला तर मुंग्या आधी येतात.