हाताने शिवायच्या गोधडीत कोणते बॅटिंग घालावे: कापूस, पॉलिएस्टर की लोकर?

आपण लिहिले आहे की पणजीत राहता, पहिलीच मोठी गोधडी हाताने शिवायला घेतली आहे, बॅटिंग म्हणून, म्हणजे वरच्या-खालच्या कापडांमध्ये घालायचे भरण म्हणून, दुकानदार पॉलिएस्टरची वॅडिंग शीट पुढे करतो आणि मैत्रीण कापसाचाच आग्रह धरते. माझ्या मते आपण चुकीच्या टोकापासून सुरुवात केली आहे. टाक्यांच्या दोन ओळींत किती अंतर ठेवणार, हे आधी ठरवावे लागते. आत काय घालायचे ते त्यानंतर. मला हे एका बारशाच्या गोधडीने शिकवले, आणि त्या गोधडीवरून आमच्या घरात सुरू झालेला वाद अकरा वर्षे झाली तरी मिटलेला नाही.

नातवाच्या बारशासाठी मी डिचोलीच्या आमच्या घरी बसून दीड महिना ती शिवली. वरून जुन्या नऊवारीचे तुकडे, खालून मलमल आणि मध्ये गादीवाल्याकडून पिंजून आणलेला सुटा कापूस, जो मी स्वतः हाताने सारखा पसरला होता. आमच्या आईच्या वाकळीत धावदोऱ्याच्या ओळी बोटाबोटावर असत. मला मात्र नव्या पद्धतीचे मोठे चौकोन आवडले होते, म्हणून कडेला तेवढ्या दाट ओळी घातल्या आणि मधल्या भागात वीत वीत जागा मोकळी सोडली. बारशाला सर्वांनी कौतुक केले. बाळाची गोधडी धुण्यावाचून राहत नाही, त्यामुळे आठ दिवसांत ती मशीनमध्ये गेली आणि चतुर्थीला सगळे जमले तेव्हा माझ्या थोरल्या नणंदबाईंनी, म्हणजे वन्संनी, पाहुण्यांदेखत ती दोन्ही हातांनी उजेडात धरून म्हटले, "अगं, गोधडी शिवलीस की लाडू बांधून ठेवलेस?" वर त्यांनी हेही जोडले की पॉलिएस्टर घाल असे त्यांनी मला पूर्वीच सांगितले होते. हे त्यांनी कधीही सांगितलेले नव्हते.

त्या रात्री मी ती उसवली. मधल्या प्रत्येक चौकोनात कापसाची एकेक गाठ एका कोपऱ्यात जाऊन बसली होती आणि उरलेल्या जागी नुसती दोन कापडे होती, परंतु कडेला, जिथे ओळी इंचभर अंतरावर होत्या, तिथे तोच कापूस तसाच सपाट राहिला होता. कापूस एक, पाणी एक, मशीन एक. बदल होता तो फक्त टाक्यांच्या अंतरात. सुट्या पिंजलेल्या कापसाचे तंतू केवळ एकमेकांना घासून जागेवर राहतात. ते भिजून घुसळले गेले की आडवी येणारी ओळ भेटेपर्यंत सरकत जातात, म्हणून असा कापूस वापरायचा तर दोन ओळींत एक-दीड इंचापेक्षा जास्त जागा सोडता कामा नये. दोष कापसाचा नव्हता, माझ्या आळसाचा होता, आणि हे मी वन्संपुढे त्याच वेळी कबूल केले असते तर वाद तिथेच संपला असता.

आज तयार मिळणारे कापसाचे बॅटिंग ही वेगळी वस्तू आहे. त्यात काटेरी सुयांनी तंतू एकमेकांत गुंतवलेले असतात आणि पाकिटावर टाक्यांचे कमाल अंतर छापलेले असते, जे पुष्कळदा आठ ते दहा इंच असते. तो आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मात्र त्यातील काहींच्या पोटात कृत्रिम धाग्याची पातळ जाळी असते, जिला स्क्रिम म्हणतात. मशीनच्या शिलाईला ती बळकटी देते, पण हातातली सुई तिथे दर टाक्याला अडखळते आणि अंगुस्तान घालूनही संध्याकाळपर्यंत बोट दुखते. हाताने शिवणाऱ्याने स्क्रिम नसलेले, पातळ बॅटिंगच घ्यावे. कापूस पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतो. सुरकुत्यांचा तो जुनाट पोत मला आवडतो, आपल्याला नको असल्यास बॅटिंग आधी भिजवून वाळवा, पण त्याला पाकिटावरच्या सूचनेची परवानगी आहे का ते पाहा.

"शुद्ध कापूस" म्हणून विकलेल्या मालात भेसळ असू शकते. घरी आणल्यावर चिमूटभर तंतू चिमट्यात धरून पेटवावेत: कापूस कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. सावरीचा कापूस कोणी फुकट दिला तरी गोधडीत घालू नये, कारण त्याचे तंतू गुळगुळीत आणि मेणचट असतात आणि एकमेकांना धरून राहत नाहीत. तो उशीतच शोभतो. लोकरीच्या बॅटिंगमध्ये सुई इतकी सहज जाते की शिवणाऱ्याला दुसरे काही नकोसे वाटावे, पण कसर आणि आपला पावसाळा लक्षात घेता गोव्यात ते बाळगणे म्हणजे नसती राखण.

खरे तर गोव्यात बॅटिंग हवेच कशाला, असाही माझा प्रश्न आहे. आपल्याकडे थंडीच्या रात्री पारा २० अंशांच्या आसपास रेंगाळतो. आमच्या आईच्या वाकळीत जुन्या लुगड्यांच्या थरांखेरीज काहीच नसे. सीमेपलीकडे उत्तर कन्नडमधील हल्याळ, यल्लापूर भागातील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, तीही जुन्या साडीवर तुकडे जोडत, कडेपासून सुरुवात करून आत वळत, दाट धावदोऱ्याने. तिलाही वेगळ्या भरणाची गरज पडत नाही. दोन जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या मध्ये घालून पाहा. नातवाची गोधडी मी पुन्हा तशीच शिवली आणि ती अजून वापरात आहे.

आता न्यायाचे म्हणून पॉलिएस्टरविषयीही लिहायला हवे. ते हलके असते, पातळ शीटमधून सुई बरी जाते आणि पाणी जवळजवळ शोषत नसल्याने श्रावणातही लवकर वाळते. माझी सुती गोधडी जुलैत तीन दिवस दोरीवर ओली राहते आणि एकदा तिला बुरशीचे ठिपकेही आले. आपल्या फ्लॅटला ऊन लागत नसेल तर साधारण १०० जीएसएमची (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाची) शीट घेण्यात काही गैर नाही. फक्त वरचे कापड गडद आणि विरळ विणीचे नको, कारण पॉलिएस्टरचे तंतू त्यातून बाहेर डोकावतात. वन्संनी स्वतः शिवलेल्या काळ्या गोधडीवर वर्षभरात अशी पांढरी लव उठली की मांजर झोपून गेल्यासारखे वाटे. काहीही घेतलेत तरी आधी वीतभर चौकोन शिवून धुऊन पाहा, आणि सुई नऊ किंवा दहा नंबरची आखूड घ्या.

त्या उसवलेल्या गोधडीचा कडेचा एक तुकडा, दाट टाक्यांचा, कापूस जागच्या जागी असलेला, मी अजून पेटीत जपून ठेवला आहे. वन्संना तो आजवर दोनदा दाखवला. दोन्ही वेळा त्यांचा चष्मा मडगावला राहिला होता.