सांभाळाची अट नसलेलं बक्षीसपत्र

काकू, अशी पत्रं मला सारखी येतात. आजारपणात मुलाने-सुनेने सगळं केलं, म्हणून फ्लॅट मुलाला द्यावासा वाटतो. लेकीवर अन्याय होईल असंही वाटतं. आणि उद्या आपणच कुठे जायचं, ही धास्ती आहेच. कशाला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा. पण फ्लॅट हयातीतच मुलाच्या नावावर करून देणाऱ्या त्या बक्षीसपत्रावर गुरुवारी सही करू नका.

तुम्ही पाठवलेला त्याचा मसुदा दोनदा वाचला. ‘प्रेमापोटी व स्वखुशीने’ तीन ठिकाणी आहे. ‘लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा हयातभर सांभाळ करावा’ हे मात्र चार पानांत कुठेही नाही, आणि सगळं त्यावरच अडलंय. मुलाने सांभाळलं नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली बक्षीसपत्र रद्द होतं, पण ते सांभाळाच्या अटीवर दिलेलं असावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये हेच सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये एका आईला घर परत मिळालं, पण तिथे मुलाने वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं. तुमच्या हातात काय आहे? नोंदणीनंतर नुसतं मन बदललं म्हणून बक्षीसपत्र मागे घेता येत नाही. मग उरतो दिवाणी दावा. काठी टेकत आलेली माणसं दिवसभर बाकावर बसून पुढची तारीख घेऊन परत जाताना मी रोज पाहते.

‘वकिलांनी केलंय म्हणजे बरोबरच असणार’ असं तुम्ही लिहिता, याचा मला राग आला. वकील मुलाने गाठला, तो मुलाचं काम करणार. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेटही न विचारता देऊन टाकलंत! ते आधी परत घ्या.

फ्लॅट तुमच्याच पैशांतला आणि तुमच्याच नावावर असेल असं धरून लिहिते आहे. यजमानांचा असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर लेकीचा त्यात मुलाइतकाच हिस्सा आहे आणि सगळं चित्र पालटतं. फ्लॅटखरेदीचा करारनामा पाहिल्याशिवाय त्यावर बोलणार नाही.

मुद्रांक शुल्क 200 रुपयेच, हे मुलगा खरं सांगतो. पण घाई त्याला आहे, तुम्हाला नाही. मृत्युपत्र केलंत तर फ्लॅट मुलाला, ठेवी लेकीला असंही लिहिता येतं, दोन साक्षीदार पुरतात आणि हयातीत कधीही बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं असेल तर सांभाळाची अट आणि तहहयात राहण्याचा हक्क, दोन्ही त्यात लिहून घ्या. मुलाला वाईट वाटेल याची भीती तुम्हाला आहे, ती मला कळते. सुनेसमोर, शांतपणे, स्वतः विचारा. सांभाळणारच असेल तर लिहून द्यायला त्याला जड जाऊ नये.

नोंदणीची वेळ पुन्हा घेता येते. गुरुवारची रद्द करा आणि करारनाम्याची प्रत पाठवा.