नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, स्टेथोस्कोप लावायच्या आधी पेशंटकडे नुसतं बघून श्वासाचा आजार कसा ओळखायचा?

अगं आधी त्याला बोलतं कर. "जेवलात का काका?" एवढंच विचार, अख्खं वाक्य एका दमात येतंय की दोन शब्दांवर थांबून धाप लागतेय, तिथेच अर्धं काम होतं. मग नाडी धरल्याचं नाटक करून गुपचूप श्वास मोज, पूर्ण एक मिनिट, कारण मोजतोय म्हटलं की माणूस श्वास बदलतो (आणि वॉर्डात सगळ्यांच्या चार्टवर २० लिहायची जी सवय आहे ना, ती लावून घेऊ नकोस प्लीज). मोठ्या माणसाला १२ ते २० नॉर्मल, २५ किंवा वर गेला तर लगेच सिनियरला सांग.

बसायची पद्धत बघ. पुढे वाकून, हात गुडघ्यांवर टेकून, ओठांचा चंबू करून हवा सोडतोय, मानेचे स्नायू ताणलेत, हे सीओपीडीत (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागणारा फुफ्फुसाचा आजार) खूप दिसतं, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या आज्यांमध्येपण, त्यामुळे फक्त बिडीच विचारू नकोस.

निळेपणा जिभेवर बघ, सावळ्या कातडीवर पटकन कळत नाही. नखं फुगीर वाटली तर दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून टेकव, मधे हिऱ्यासारखी फट दिसली तर ठीक, नाहीतर क्लबिंग, म्हणजे बोटांची टोकं फुगून नखं गोलसर होणं. नुसत्या सीओपीडीने क्लबिंग होत नाही हां, कॅन्सर किंवा ब्रॉन्किएक्टॅसिससारखं (श्वासनळ्या कायमच्या रुंद होऊन कफ साचणं) काहीतरी शोधावं लागतं.

आणि दम्याच्या अटॅकमधली शिट्टी अचानक बंद झाली आणि पेशंट पेंगायला लागला तर बरं वाटतंय समजू नकोस, हवाच आत जात नाहीये, धावत जाऊन डॉक्टरला बोलव.