पुण्यातले बत्तीस लाख की म्युनिकचे बहात्तर हजार युरो?

तुमच्या पत्राचा सारांश आधी मांडतो. वय सदतीस, वाकडला स्वतःचा फ्लॅट, त्यावर 42,000 रुपयांचा हप्ता आणि 31 लाखांचं कर्ज शिल्लक. तुमचं पॅकेज 32 लाख, पत्नी अकाउंट्समध्ये, त्यांचं 11 लाख. दोघांच्या पगारातून हप्ता आणि घरखर्च जाऊन महिन्याला सव्वा लाख उरतात. आईवडिलांना दरमहा 15,000 देता, ते धरले तर 1 लाख 10 हजार. मुलगा सात वर्षांचा. जवळ 9 लाखांच्या ठेवी, 21 लाखांचे म्युच्युअल फंड (त्यात 8 लाख नफा) आणि 14 लाखांचा पीएफ. म्युनिकच्या कंपनीनं वर्षाला 72,000 युरो आणि स्थलांतरासाठी एकरकमी 4,000 युरो देऊ केलेत. रुजू व्हायला 1 ऑक्टोबर किंवा 1 डिसेंबर, तुमची पसंती दिवाळी करून जायला. तुम्ही विचारलंय : पगार दुपटीहून जास्त होतोय, तर फ्लॅट विकून, पीएफ काढून सगळेच जाऊ का?

जावं, असंच माझं मत आहे. पण सगळ्यांनी एकदम नाही, फ्लॅट विकून नाही आणि डिसेंबरात तर नाहीच.

पगार दुप्पट होतोय हा समज आधी बाजूला ठेवा. हिशेबाला सोपं म्हणून युरो शंभर रुपयांचा धरू. 72,000 म्हणजे महिन्याला 6,000 युरो. त्यातून पेन्शनचे 9.3 टक्के, बेरोजगारी विम्याचे 1.3 टक्के, आरोग्य विम्याचा तुमचा वाटा पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास आणि वृद्धसेवा विम्याचे 1.8 टक्के जातात. एवढ्यातच साडेबाराशे युरो गेले. मग प्राप्तिकर. कुटुंब तिथे नोंदवलेलं असेल आणि तुम्ही करवर्ग तीन (एकाच मुख्य कमाईवर चालणाऱ्या जोडप्याचा, कमी करकपातीचा) मागून घेतलात, तर हातात 4,100 युरोंच्या आसपास येतील. कुटुंब पुण्यात असेपर्यंत तुमचा करवर्ग एक राहील, तेव्हा 3,650 च्या आसपास. मुलासाठी सरकारकडून महिन्याला 259 युरो मिळतात, पण तो तिथे राहायला आल्यावर.

आता खर्च. म्युनिक हे जर्मनीतलं सर्वांत महाग शहर आहे. तिघांसाठी सत्तर चौरस मीटरचं घर मूळ भाडं 1,600 आणि हीटिंग-देखभालीसह 1,900 युरोंच्या खाली मिळालं तर नशीब समजा. जाहिरातीत दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे देखभालीसकट. तुलना कायम दुसऱ्या आकड्याची करा. वीज बहुतेक वेळा त्यातही नसते. वीज, इंटरनेट, फोन आणि दर घरामागे सक्तीचं 18.36 युरोंचं प्रसारण शुल्क मिळून पावणेदोनशे. किराणा सातशे. देशभर चालणारा मासिक पास 63 युरोंचा, असे दोन. कपडे, किरकोळ खर्च अडीचशे. वर्षातून एकदा तिघांची भारतवारी दोन लाखांची धरली तर महिन्याला 170. बेरीज 3,300 च्या पुढे जाते. बालभत्ता धरूनही महिन्याला हजार-साडेदहाशे युरो उरतील, म्हणजे एक लाख पाच हजार रुपये. त्यातून आईवडिलांचे पंधरा हजार आणि फ्लॅटच्या हप्त्यातली तूट (ती किती, ते पुढे सांगतो) वजा केली की राहतात 67,000 च्या आसपास. आज पुण्यात तुमच्या हाती 1 लाख 10 हजार राहतात. म्हणजे एका पगारावर म्युनिकला तुमची बचत कमी होणार आहे.

हे चित्र पालटतं ते पत्नीच्या नोकरीनं. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा काम-वास्तव्याचा परवाना. तो असलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन परीक्षेची अट नाही आणि पोचल्या दिवसापासून काम करायची मुभा आहे. त्यांना वर्षाला 38,000 युरोंची नोकरी लागली, तर कर आणि विमे जाऊन घरात महिन्याला सतराशे युरोंच्या आसपास भर पडेल. मग बचत पुण्याच्या दुप्पट होते. अडचण भाषेची. अकाउंट्सचं काम जर्मनीत जर्मनमधूनच चालतं आणि त्याला बी-टू पातळी (ए-वन ते सी-टू या सहा पातळ्यांतली चौथी) लागते. शून्यापासून तिथवर जायला नेटानं अभ्यास केला तरी वर्ष-दीड वर्ष जातं. म्हणून पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनातल्या पुढच्या बॅचला त्यांचं नाव या आठवड्यातच घाला. तुमच्या सगळ्या योजनेत सर्वांत जास्त परतावा देणारा खर्च हाच आहे.

आता तारीख. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तर करासाठी अनिवासी ठरतो. 1 एप्रिलपासून मोजलं तर 28 सप्टेंबरला 181 दिवस भरतात. ऑक्टोबरची तारीख घेऊन त्याआधी निघालात तर जर्मन पगाराचा भारतीय विवरणपत्राशी संबंध उरत नाही. डिसेंबरात निघालात तर त्या वर्षासाठी तुम्ही इथले निवासी, आणि डिसेंबर ते मार्चचा चोवीस हजार युरो पगारही इथे दाखवावा लागेल. तिथे भरलेल्या प्राप्तिकराची वजावट मिळते, पण तिथल्या पेन्शन-विम्याच्या कपातीची मिळत नाही. इथल्या 30 टक्क्यांच्या दरानं फरक तीन लाखांच्या आसपास पडतो. भारत-जर्मनीमधला दुहेरी कर टाळण्याचा करार दाखवून आपण जर्मनीचे निवासी आहोत असं म्हणता येतं, पण बायको-मुलगा आणि घर पुण्यात असताना तो दावा लंगडा पडतो.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. दिवस मोजले जातात ते पूर्ण वर्षाचे. 27 सप्टेंबरला निघालात आणि दिवाळीला आठवडाभर आलात की 182 ओलांडले. दिवाळी घरी करायचीच असेल तर 15 सप्टेंबरला निघा. 168 दिवस होतील आणि मार्चअखेरपर्यंत तेरा दिवस हाताशी राहतील. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही त्यातच धरा. व्हिसा वेळेत हवा म्हणून कंपनीला जलद प्रक्रियेची विनंती करा. तिचं 411 युरो शुल्क असतं आणि अर्ज कंपनीनंच तिथल्या कार्यालयात करायचा असतो.

पहिले तीन महिने तुम्ही एकटे जा. कुटुंबासकट गेलात तर तात्पुरत्या सजवलेल्या फ्लॅटला महिन्याला 2,300 युरो जातील. एकट्याला हजारात खोली मिळते आणि सातशेत बाकी सगळं भागतं. म्हणजे महिन्याला एकोणीसशे युरो शिल्लक पडतात, आणि पुण्यात पत्नीचा पगारही चालू राहतो. खोली घेताना एकच प्रश्न आधी लेखी विचारा : पत्त्याच्या नोंदणीसाठी घरमालकाचं प्रमाणपत्र देणार का? राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत ही नोंदणी, तिकडचं आनमेल्डुंग, करावी लागते. ती झाल्याशिवाय करक्रमांक येत नाही, बहुतेक बँका खातं उघडत नाहीत आणि पुढची कामं अडतात. अल्पमुदतीच्या जागा देणारे बरेच जण हे प्रमाणपत्र देत नाहीत आणि पैसे भरल्यावर ते कळतं.

कायमच्या घराची अनामत मूळ भाड्याच्या तीनपटीपर्यंत असू शकते, म्हणजे तुमच्या बाबतीत 4,800 युरो. ती तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला कायद्यानं आहे, तो मागून घ्या. घर पाहण्याआधी आणि करारावर सही होण्याआधी एक युरोही पाठवू नका. परदेशी लोकांना फसवण्याचा हा तिथला नेहमीचा मार्ग आहे. दुसरा धक्का स्वयंपाकघराचा. म्युनिकमध्ये अनेक घरं स्वयंपाकघराविना भाड्यानं देतात. म्हणजे भिंतीतून आलेले नळाचे पाईप आणि विजेची जोडणी एवढंच, ना ओटा, ना सिंक, ना शेगडी. छताला दिवेही नसतात, नुसत्या वायरी लोंबत असतात. नवीन बसवायला तीन-साडेतीन हजार युरो लागतात. आधीच्या भाडेकरूचं विकत घेता येत असेल तर बरंच स्वस्त पडतं. पलंग, गाद्या, कपाटं, वॉशिंग मशीन यांना आणखी अडीच हजार.

अनामत, पहिलं भाडं, स्वयंपाकघर, सामान, तुमचे तीन महिने, तिघांची एकेरी तिकिटं, व्हिसा (मोठ्यांना 75, मुलाला 37.50 युरो) आणि थंडीचे कपडे मिळून वीस लाख धरा. कंपनीचे चार लाख आणि तुमची तीन महिन्यांची बचत वजा जाता स्वतःचे दहा-बारा लाख लागतील. कंपनीच्या पत्रात दोन ओळी शोधा. ते 4,000 युरो बिलं दाखवून मिळणार की पगारात मिळवून त्यावर कर कापणार? आणि दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर परत करायचे का?

पैसे इथून पाठवताना एका पॅनवर वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो आगाऊ कर) लागत नाही, त्यापुढे 20 टक्के कापतात. विवरणपत्र भरून ते परत मिळतात, पण ऐन गरजेच्या वेळी अडकतात. म्हणून दहा लाख तुमच्या नावानं आणि उरलेले पत्नीच्या नावानं पाठवा.

म्युच्युअल फंड निघण्याआधी सगळेच विकावेत, असा माझा सल्ला आहे. आज इक्विटी फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावर सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के. तुमच्या 8 लाख नफ्यावर उपकरासह 88,000 रुपये होतात. तिथले निवासी झाल्यावर विकलेत तर जर्मनी नफा मूळ खरेदीच्या किमतीपासून मोजते आणि दर 26.375 टक्के. शिवाय तिथे फंड न विकताही दरवर्षी थोडा आगाऊ कर लागतो. विकलेल्यातले अकरा लाख बँकेत राखून ठेवा. तीच तुमची आपत्कालीन गंगाजळी.

ती का हवी ते नीट समजून घ्या. पहिले सहा महिने परिवीक्षेचे असतात आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते. बेरोजगारी भत्ता मिळायला बारा महिन्यांची वर्गणी भरलेली असावी लागते, म्हणजे पहिल्या वर्षी तो नाही. ब्लू कार्ड नोकरीला बांधलेलं, त्यामुळे दुसरं काम शोधायला वेळही मोजकाच मिळतो. याच कारणासाठी फ्लॅट आणि पीएफला हात लावायचा नाही. पीएफवर नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र होतं, ते विवरणपत्रात दाखवा. ब्लू कार्डवर बी-वन जर्मन असेल तर 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळतो, ए-वनवर 27 महिन्यांत. फ्लॅट ठेवायचा की विकायचा हे त्या दिवशी ठरवा. तेव्हा विकताना खरेदीदाराला पूर्ण किमतीवर टीडीएस कापावा लागेल, म्हणून प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी काढावा लागेल. ही कटकट मान्य आहे, पण परतीची वाट बंद करण्यापेक्षा ती परवडली.

तोवर फ्लॅट भाड्यानं द्या. इथे बहुतेक जण फसतात. घरमालक अनिवासी असेल तर भाडेकरूला पहिल्या रुपयापासून 31.2 टक्के टीडीएस कापावा लागतो आणि त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) काढावा लागतो. 28,000 भाड्यातले 8,700 तिथेच जातील आणि हातात एकोणीस हजार येतील. हप्त्यातली तूट 23,000 ची झाली, वर धरली होती ती हीच. 30 टक्के वजावट आणि कर्जाचं व्याज धरता तुमचा कर शून्यावर येतो, त्यामुळे वर्षाला लाखभर रुपये परत मिळतील, पण विवरणपत्र भरल्यावरच. इथेही कमी कपातीचा दाखला चालतो. सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) मागेल, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

आरोग्य विम्याबाबत एक दिलासा. सक्तीच्या सरकारी विम्याची पगारमर्यादा 77,400 युरो आहे आणि तुम्ही तिच्या खाली आहात. त्यामुळे कमाई नसलेली पत्नी आणि मुलगा त्याच वर्गणीत येतात. पगार वाढल्यावर खासगी विम्याचे एजंट फोन करतील. तिथे प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा असतो, तेव्हा त्या फंदात पडू नका. मुलाला सरकारी शाळेतच घाला. ती फुकट आहे आणि सात वर्षांचं मूल भाषा लवकर उचलतं. आंतरराष्ट्रीय शाळेची फी वर्षाला वीस हजार युरोंच्या आसपास किंवा वर जाते आणि ती या पगारात बसत नाही.

निघण्याआधी बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासींचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं) करून घ्या आणि परदेशी कमाईसाठी वेगळं एनआरई उघडा. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी जर्मनीत ते दाखवावंच लागतं. पतिपत्नी मिळून 2,000 युरोंपर्यंतचं व्याज आणि नफा तिथे सुटतो, त्यापुढे कर. भारतातला मोबाइल नंबर रोमिंगसह चालू ठेवा. पीएफ, बँक, प्राप्तिकर सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात आणि तो बंद पडला की साधं कामही महिनोन्‌महिने अडतं. वडिलांच्या नावे फ्लॅट भाड्यानं देण्यापुरतं नोंदणीकृत मुखत्यारपत्र इथेच करून ठेवा. नंतर तेच म्युनिकच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवावं लागेल. आणि पुण्याची आरोग्य पॉलिसी लहान रकमेवर का होईना, चालू राहू द्या. परतायची वेळ आली तर जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार नाही.