भांडण नक्की कशावरून? रॉक बँडवाल्यांचे राडे आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात ओअ‍ॅसिस हा इंग्लिश रॉक बँड परत एकत्र आला त्यावर दोन पानं छापली आणि नंतर जी पत्रं आणि मेसेज आलेत त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना गाण्यांशी काही देणंघेणंच नाहीये, त्यांना फक्त कोण कोणाला काय म्हणालं ते हवंय. मी तरी कोणत्या तोंडाने नावं ठेवू, मलाही तेच वाचायला आवडतं. तर या वेळी फक्त भांडणं.

प्रश्न: काका, ओअ‍ॅसिसवाले दोघं सख्खे भाऊ ना? मग पंधरा वर्षं एकत्र गायले नाहीत इतकं काय झालं होतं? (गिटार शिकणारा, नाशिक)

सख्खेच. नोएल गॅलाघर थोरला, लिअम धाकटा, मँचेस्टरचे. सगळे पॅरिसचा किस्सा सांगतात, २८ ऑगस्ट २००९, फेस्टिव्हलमध्ये स्टेजवर जायच्या आधी आत राडा झाला, गिटार फुटली आणि नोएल बँड सोडून निघून गेला. पण ते शेवटचं निमित्त रे, आधीची यादी बघ. १९९५ मध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू होतं, लिअम पबमधनं अख्खी गर्दी घेऊन स्टुडिओत आला आणि नोएलने चक्क क्रिकेटची बॅट काढली. (इंग्रजांच्या घरात बॅट कशासाठी असते ते तेव्हा कळलं.) १९९६ ला एमटीव्ही अनप्लग्डचा शो होता, लिअम म्हणाला घसा बसलाय, म्हणून नोएलने सगळी गाणी स्वतः म्हटली, आणि घसा बसलेले लिअमसाहेब बाल्कनीत बसून वरनं शेरे मारत होते. १९९४ च्या एका मुलाखतीत दोघं इतके भांडले की ती मुलाखतच पुढे रेकॉर्ड म्हणून विकायला आली आणि ब्रिटनच्या चार्टवर ५२ नंबरला गेली. म्हणजे ह्यांची भांडणंसुद्धा हिट!

आता माझं मत. बॅट, पब, घसा हे सगळं वरचं वरचं आहे. खाली काय आहे बघ, बँडमध्ये लिअम आधी होता, नोएल तेव्हा दुसऱ्या एका बँडचा रोडी होता म्हणजे सामान उचलणारा, तो परत आला, ह्यांच्यात शिरला आणि गाणी सगळी त्याची. लिअमचं स्वतःचं गाणं अल्बमवर यायला २००० साल उजाडलं. म्हणजे चेहरा आणि आवाज एकाचा, गाणी दुसऱ्याची, मग बँड कोणाचा? ह्याचं उत्तर दोघांकडे वेगळं होतं. ४ जुलै २०२५ ला कार्डिफमध्ये परत स्टेजवर आले, हातात हात घालून. ह्याच कार्डिफमध्ये १९६५ ला किंक्स नावाच्या बँडच्या ड्रमरने, म्हणजे मिक एव्हरीने, भर शोमध्ये गिटारिस्ट डेव्ह डेव्हिसच्या डोक्यात हाय-हॅटचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांचा, स्टँड घातला होता, १६ टाके पडले, आणि नंतर पोलिसांना सांगितलं की हा आमच्या नव्या अ‍ॅक्टचा भाग होता.

प्रश्न: आमचे बाबा अजून म्हणतात योको ओनोने बीटल्स फोडले. खरं आहे का हो? (बाबांची मुलगी, सांगली)

बाबांना माझा नमस्कार सांग, पण जॉन लेननच्या बायकोने, म्हणजे योकोने, नाही फोडले. गंमत म्हणजे जानेवारी १९६९ च्या शूटिंगमध्ये पॉल मॅकार्टनी स्वतःच हसत म्हणतो की पन्नास वर्षांनी लोक म्हणतील योको अ‍ॅम्पवर बसली म्हणून हे फुटले. ती 'गेट बॅक' फिल्म २०२१ ला सगळ्यांनी बघितली, तरी बाबा म्हणतातच.

पैशाकडे बघ. बीटल्सच्या गाण्यांचे हक्क नॉर्दर्न साँग्ज नावाच्या कंपनीकडे होते, ती १९६५ ला शेअर बाजारात आली तेव्हा लेनन आणि मॅकार्टनीकडे प्रत्येकी १५ टक्के होते आणि जॉर्ज हॅरिसन आणि रिंगोकडे प्रत्येकी ०.८ टक्के. शून्य पॉइंट आठ! तेच चार जण, तीच गाडी, तोच स्टेज. मॅनेजर ब्रायन एपस्टाइन १९६७ ला गेला, मग धंदा कोणी बघायचा ह्यावर लेनन, हॅरिसन आणि रिंगो म्हणाले अ‍ॅलन क्लाइन, पॉल म्हणाला माझे सासरे आणि मेहुणा. (ह्यात बायकोच्या माहेरचे आलेच तर ते पॉलच्या, पण दोष योकोला.) त्यात लेननला कळलं की पॉलने गुपचूप कंपनीचे जास्तीचे शेअर घेऊन ठेवलेत. ३१ डिसेंबर १९७० ला पॉलने बाकी तिघांवर केस टाकली, थर्टीफर्स्टला, लोक पार्टी करतात आणि हा कोर्टात.

आणि हॅरिसनचं दुखणं वेगळंच. अल्बममागे त्याला जेमतेम दोनेक गाणी मिळायची. जानेवारी १९६८ मध्ये तो आपल्या मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आला होता, एका सिनेमाचं संगीत करायला, तेव्हा आपल्याकडच्या वादकांना घेऊन त्याने एका बीटल्स गाण्याचा ट्रॅकही वाजवून घेतला, त्यात बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. मार्च १९६८ मध्ये ते गाणं सिंगलवर (म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डवर) आलं, कुठे, तर मागच्या बाजूला. आणि बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हे हॅरिसनचं पहिलं गाणं! १० जानेवारी १९६९ ला तो बँड सोडून घरी गेला होता, काही दिवसांनी परत आला. बँड फुटल्यावर १९७० च्या नोव्हेंबरमध्ये त्याने 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हा थेट तीन रेकॉर्डांचा अल्बम काढला, त्यातली बरीच गाणी आधीपासून पडून होती. बाबांना म्हणावं तो अल्बम ऐका आणि मग योकोचं बोला.

प्रश्न: २००७ ला मुंबईत रॉजर वॉटर्सला ऐकलं, अंगावर काटा आला. पण माझा मित्र म्हणतो गिल्मोर नसेल तर तो पिंक फ्लॉइड नाही. तुम्ही कोणाच्या बाजूने? (फ्लॉइडवेडा, ठाणे)

मी रिक राइटच्या बाजूने. कीबोर्डवाला, ज्याची बाजू कोणीच घेत नाही. १९७९ ला 'द वॉल'चं रेकॉर्डिंग चालू असताना बासवाल्या वॉटर्सने हट्ट धरला की हा नको, काम करत नाही, आणि त्याला काढला. मग टूरला वाजवणार कोण, तर त्यालाच पगारावर घेतला, स्वतःच्याच बँडमध्ये नोकरी. त्या टूरमध्ये स्टेजवर खरी भिंत बांधायचे, खर्च इतका की टूर तोट्यात गेली, तो तोटा उरलेल्या तीन मालकांनी भरला आणि पगारी राइट तेवढा कमावून घरी गेला. असा न्याय कोर्टात मिळत नाही.

बाकी दोघांचं म्हणाल तर १९८३ च्या अल्बमवर सगळी गाणी एकट्या वॉटर्सची. १९८५ च्या शेवटी तो म्हणाला मी सोडतो, आणि त्याला वाटलं मी नाही म्हणजे बँड नाही. गिटारवाला गिल्मोर आणि ड्रमर निक मेसन म्हणाले आम्ही आहोत की. मग १९८६ ला हा लंडनच्या हायकोर्टात, की नाव वापरू देऊ नका. वकिलांनी भरपूर खाल्लं आणि शेवटी तडजोड झाली डिसेंबर १९८७ मध्ये, गिल्मोरच्या थेम्स नदीतल्या हाउसबोटीवर. नाव गिल्मोर-मेसनकडे, 'द वॉल' आणि हवेत उडणारं ते फुगवलेलं डुक्कर वॉटर्सकडे. डुकराची वाटणी! आपल्याकडे भाऊबंदकीत विहिरीतल्या पाण्याच्या पाळ्या ठरतात तसं. आणि गिल्मोरवाल्यांनी मग आपल्या टूरच्या डुकराला वृषणं लावली, हे आमचं डुक्कर वेगळं आहे असं दाखवायला, असं सांगतात.

२ जुलै २००५ ला गायक बॉब गेल्डॉफने मध्ये पडून चौघांना हाइड पार्कमध्ये एकत्र आणलं, २४ वर्षांनी. यूट्यूबवर बघा, शेवटी गळ्यात हात घालतात तेव्हा गिल्मोरचा चेहरा बघा, कधी एकदा सुटतो असा आहे. राइट २००८ ला गेला, विषय संपला. वॉटर्सने पुढे २०१३ मध्ये बीबीसीवर मान्य केलं की ती केस टाकणं चुकलंच, पण त्याने दोघांत काही फरक पडला नाही, २०२३ मध्ये गिल्मोरची बायको पॉली सॅमसनने वॉटर्सबद्दल जहाल ट्वीट केलं आणि गिल्मोरने त्याखाली सही ठोकावी तसं सगळं खरं आहे म्हणून लिहिलं. २०२४ ला रेकॉर्डिंगचे हक्क आणि नाव सोनीला विकले, आकडा ४० कोटी डॉलरच्या आसपास छापून आला. गिल्मोर म्हणाला पैशापेक्षा रोजच्या वादांतून सुटका हवी होती.

तुमच्या मित्राला सांगा, गिटार गिल्मोरची, शब्द वॉटर्सचे, आणि दोघांचे सोलो अल्बम ऐकले की कळतं दोघांनाही एकमेकांशिवाय काय कमी पडतं.

प्रश्न: नवराबायको एकाच बँडमध्ये असले तर? (नाव छापू नका, कोल्हापूर)

नाव छापत नाही, पण काळजी वाटली! फ्लीटवूड मॅक ऐका. १९७६ ला अल्बम रेकॉर्ड करताना जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्ही हे नवराबायको वेगळे झालेले, लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स ही जोडी तुटत होती, आणि ड्रमर मिक फ्लीटवूडचा संसारही मोडत होता. बकिंगहॅमने निक्सवर गाणं लिहिलं आणि मागे कोरसला तिलाच उभं केलं, रोज. तिनेही त्याच्यावर लिहिलेलं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' हे गाणं लांबलं म्हणून अल्बममधून काढलं आणि टाकलं कुठे, तर त्याच्याच सिंगलच्या मागच्या बाजूला. १९९७ च्या शोमध्ये ती ते गाणं त्याच्या डोळ्यात बघून गाते, तो व्हिडिओ एकदा एकट्याने बघा, जोडीने नको. 'रूमर्स' हा अल्बम १९७७ चा, खपला कोटींमध्ये. २०१८ ला बकिंगहॅमला काढलं, त्याने केस टाकली, मिटली.

प्रश्न: काका, आम्ही पाच मित्र, बँड आहे, आता कुठे पैसे मिळायला लागलेत. गिटारवाला म्हणतो गाणी माझी, तुम्ही फक्त वाजवता. मी ड्रम वाजवतो. मी काय करू? (डोंबिवलीकर)

आता खरा प्रश्न आला. तुझ्यासाठी एकच नाव पाठ कर, माइक जॉइस. मँचेस्टरच्या द स्मिथ्स बँडचा ड्रमर. गायक मॉरिसी आणि गिटारवाला जॉनी मार हे दोघं ४०-४० टक्के घेत होते आणि ड्रमर, बासवाल्याला १०-१०. लेखी काहीच नाही. १९८७ ला बँड फुटला, जॉइस कोर्टात गेला आणि १९९६ मध्ये जिंकला, २५ टक्के. कारण ब्रिटनचा १८९० चा भागीदारी कायदा म्हणतो की वेगळं ठरलं नसेल तर भागीदार सारखे. जजने मॉरिसीला निकालात लबाड आणि बेभरवशाचा म्हटलं ते वेगळंच. पण लक्षात घे, हे पैसे वाजवण्याचे आणि रेकॉर्डिंगचे होते, गाणं लिहिल्याचे नाहीत. आपल्याकडे १९३२ चा भागीदारी कायदा आहे, त्यातही कलम १३ मध्ये हेच, वेगळा करार नसेल तर नफा सारखा आणि तोटाही. म्हणजे शोच्या मानधनात गिटारवाल्याचं "तुम्ही फक्त वाजवता" सहजासहजी चालायचं नाही.

गाण्याच्या रॉयल्टीचं वेगळं. ती संगीतकार आणि गीतकाराची. पण संगीतकार कोण हाच तर वाद असतो ना. प्रोकोल हॅरमचं १९६७ चं ते ऑर्गनवालं गाणं तुझ्या बाबांनी तरी ऐकलं असेल, ऑर्गनची ती धून मॅथ्यू फिशरने बनवली पण नाव त्याचं नव्हतं, तो २००५ ला कोर्टात गेला आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत, जाऊन जिंकला, संगीतात ४० टक्के हिस्सा, पण केस टाकली त्या दिवसापासून पुढचाच. मागची जवळजवळ चाळीस वर्षं गेली. म्हणून आत्ता बोल.

आणि क्वीनचं बघ, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला आपला फ्रेडी मर्क्युरी त्यांचा गायक. १९७५ चं त्यांचं ते सहा मिनिटांचं सुपरहिट गाणं फ्रेडीचं, पण रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं गाडीवरचं गाणं होतं, आणि तेव्हा रेकॉर्ड विकली की दोन्ही बाजूंना सारखीच रॉयल्टी मिळायची. झालं, बरीच वर्षं धुसफूस. १९८९ च्या अल्बमपासून त्यांनी ठरवलं की गाणं कोणीही लिहो, नाव 'क्वीन'. त्यानंतर कोणाचं गाणं घ्यायचं ह्यावरची भांडणं कमी झाली असं ते स्वतः सांगतात.

तर काय करायचं, प्रत्येक गाणं पूर्ण झालं की त्याच दिवशी एका कागदावर लिहा, शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाला किती टक्के, पाचही जणांच्या सह्या. ह्याला स्प्लिट शीट म्हणतात. शोच्या पैशांचं वेगळं लिहा. कोणी सोडून गेलं तर बँडचं नाव कोणाकडे राहील तेही लिहा, नावाचा ट्रेडमार्क पाचांपैकी एकाने एकट्याच्या नावावर केला तर पुढे डोकेदुखी. गाणं लिहिणारे आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) मेंबर होऊ शकतात, तिथेही हेच टक्के टाकायचे. आणि गिटारवाल्याने खरंच शब्द आणि चाल दोन्ही एकट्याने आणली असेल तर ते मान्य कर बाबा, मन मोठं ठेव, पण तुझ्या ठेक्यावर गाणं उभं असेल तर तेही मांड. भांडून नको, चहा पिताना, कोणी हिट व्हायच्या आधी.

प्रश्न: एकही बँड नाही का जो शांततेत संपला? (आशावादी, औरंगाबाद)

आर.ई.एम. आहे ना. पहिल्यापासून गाण्यांवर चौघांची नावं सारखी, २०११ ला हसत बंद केलं. पण सारखी नावं दिली की सगळं गोड होतं असंही नाही हं, डीप पर्पलच्या गाजलेल्या पाच जणांच्या लाइनअपनेही नावं सारखीच वाटली होती आणि तरी गिटारवाला रिची ब्लॅकमोर आणि गायक इयन गिलन ह्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, १९९३ च्या नोव्हेंबरात ब्लॅकमोर टूर अर्धवट टाकून गेला तो गेलाच. काही माणसांचं जमतच नाही, त्याला कागद तरी काय करणार.

प्रश्न: तुमचं सगळ्यात आवडतं भांडण? (टाइमपास, पुणे)

ईगल्स, ३१ जुलै १९८०, लाँग बीच, कॅलिफोर्निया. एका सिनेटरसाठी फंड गोळा करायचा शो. सिनेटर आभार मानायला आला तेव्हा गिटारवाला डॉन फेल्डर काहीतरी खवचट बोलला, ते बँडमधल्याच ग्लेन फ्रायने ऐकलं, आणि मग अख्खा शोभर दोघं मधुर हार्मनी गात होते आणि दोन ओळींच्या मध्ये एकमेकांना सांगत होते की अजून तीन गाणी राहिलीत, मग बघतो तुला. बँड फुटला. पण रेकॉर्ड कंपनीला लाइव्ह अल्बम द्यायचा बाकी होता, तर एक जण लॉस एंजेलिसमध्ये, बाकीचे मायामीत, आणि आवाज दुरुस्त करायला टेप कुरिअरने इकडून तिकडे. १९९४ ला परत एकत्र आले तेव्हा फ्राय आणि ड्रमर डॉन हेन्ली म्हणाले आम्हाला जास्त हिस्सा, फेल्डर कुरकुरत राहिला, २००१ ला त्याला काढला, त्याने केस टाकली आणि २००७ मध्ये कोर्टाबाहेर मिटली. ज्या गाण्यावर ईगल्सचं नाव जगभर चालतं त्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची मूळ चाल ह्याच फेल्डरची, आणि ते अजूनही दोघं वाजवतात, फेल्डर त्याच्या शोमध्ये आणि हेन्ली ईगल्समध्ये.