शेवटचा दिवस छोटा ठेवा
(‘धावणाऱ्यांचा दवाखाना’ : वाचकांचे प्रश्न, साताऱ्याच्या फिजिओथेरपिस्ट ताईंची उत्तरं)

प्रश्न : ताई, वय 46, बँकेत नोकरी. पुण्याहून कन्याकुमारीला एकटाच धावत निघालोय, रोज साधारण 40 किलोमीटर. मित्र सामान घेऊन स्कूटरवर पुढे असतो. आज कोविलपट्टीत मुक्काम आहे, अंदाजे 140 किलोमीटर उरलेत. उजव्या नडगीच्या खालच्या भागात, घोट्याच्या जरा वर दुखतंय. पाऊल वर-खाली केलं की बोटाला करकर लागते. सकाळ-संध्याकाळ पेनकिलर घेतोय. मित्र म्हणतो, तिरुनेलवेलीहून रात्री निघू आणि एका दमात संपवून टाकू. आणखी एक, हे सांगायला लाज वाटते : दोन दिवस विनाकारण रडू येतंय. — एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमचा निरोप आला त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो. तुम्ही परवानगी दिलीत म्हणून तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही.

आधी नडगी. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूचा दोर घोट्याच्या पुढून जातो. रोज हजारो पावलं, त्यात आपल्या रस्त्यांना कडेला उतार. समोरची वाहनं दिसावीत म्हणून तुम्ही सारखे उजव्या कडेने धावताय, ते बरोबरच आहे. पण महिनाभर एक पाय खाली आणि एक वर, असं चाललंय. त्यात पाय सुजलेत आणि लेस मात्र पुण्यात बांधली तशीच घट्ट. लेस त्या दोरावर दाबली जाते, त्याचं आवरण सुजतं आणि करकर लागते. बरेच दिवस धावणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे.

आता बूट हातात घ्या. वरची दोन भोकं रिकामी सोडा. घोट्यासमोर जिथे लेसची फुली पडते, तिथली एक फुली काढून लेस दोन्ही बाजूंनी सरळ वर न्या, म्हणजे दुखऱ्या जागेवर काही टेकणार नाही. बुटाच्या जिभेखाली स्पंजचा तुकडा ठेवा, मधोमध खाच पाडून. भांडी घासायचा नवा स्पंज चालतो, हिरवी बाजू काढून टाकायची. सर्व्हिस रोड जिथे आहे तिथे तो धरा, कारण तो बराच सपाट असतो. मुक्कामाला दहा-पंधरा मिनिटं बर्फ, मध्ये फडकं ठेवून.

पण एक गोष्ट नीट तपासा. दुखणं दोरावर लांबट पसरलंय की हाडावर एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागी? रात्री अंथरुणावरही ठणकतं का? धावताना गरम झाल्यावर कमी होतं की दर किलोमीटरला वाढतं? हाडावर, रात्रीही आणि वाढतं, असं असेल तर ती हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. मग धावणं तिथेच थांबवायचं आणि तिरुनेलवेलीत डॉक्टरांना दाखवायचं. एक्स-रे चांगला आला म्हणून नाचू नका. अशी चीर सुरुवातीला एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. फोनवर तुम्ही सांगितलंत की दुखणं लांबट आहे आणि सकाळी जास्त, नंतर कमी. म्हणून पुढचं बोलते.

पेनकिलर बंद. आजपासून. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 80 किलोमीटर धावताना आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडावर ताण आलेले लोक न घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. तुमचं तर रोजचं चाललंय. लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली तर ना मला फोन करायचा ना मित्राला विचारायचं, थेट हॉस्पिटल गाठायचं.

पाण्याचंही उलटं टोक असतं. शेवट जवळ आला की लोक घाबरून नुसतं पाणी ढोसतात. अंगठी बोटात रुतायला लागली, डोकं दुखतंय, मळमळतंय, तर रक्तातलं मीठ पातळ झालं असेल. तहान लागेल तेवढंच प्या. तुम्ही आहात तो मुलूख खाण्याच्या बाबतीत आपल्याला सोयीचाच : दहीभात, त्याबरोबर लोणचं, इडली, शहाळं. आणि कोविलपट्टीची शेंगदाण्याची चिक्की, तिला 2020 मध्ये जीआय मानांकन मिळालंय. खिशात ठेवायला त्या महागड्या जेलपेक्षा मला ती बरी वाटते. (लोणावळेकरांनी राग मानू नये.)

आता एका दमाचं. तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा आणि स्कूटरची किल्ली काढून घ्या. तिरुनेलवेली ते कन्याकुमारी 85 किलोमीटरच्या आसपास आहे. रात्री, हायवेच्या कडेने, झोप नसताना, दुखऱ्या पायाने. सोबत एकच माणूस आणि तोही पेंगुळलेला. शेवट दिसायला लागला की मेंदू राखून ठेवलेलं सोडतो. टिम नोक्स या दक्षिण आफ्रिकेच्या शरीरशास्त्रज्ञाने यावर बरंच लिहिलंय : थकवा हा नुसता पायांचा हिशेब नाही, मेंदू किती उरलंय ते पाहून लगाम सैल-घट्ट करतो. म्हणूनच तुम्हाला आत्ता वाटतंय की जमेल. कदाचित जमेलही. पण तो लगाम सुटतो तेव्हा दुखण्याची घंटाही ऐकू येत नाही.

तुम्ही तीन दिवसांत संपवणार होतात, मी पाच केले. पहिला मुक्काम कायथार (वीरपांड्य कट्टबोम्मनला इंग्रजांनी 1799 मध्ये फाशी दिलं ते गाव, तेवढंच थांबून बघा). दुसरा तिरुनेलवेली. तिसरा नांगुनेरी. चौथा पवनचक्क्यांच्या मुलखात कावलकिणरूला. मग शेवटच्या दिवसाला वीसेक किलोमीटर उरतात. साडेपाचला निघालात तर नऊच्या आत पोचाल, चालत गेलात तरी जेवायच्या आत. बँकेची रजा दोन दिवस वाढवावी लागेल, वाढवा.

रडू येण्याचं काय? झोप कमी, पोटात उष्मांक कमी, महिनाभर एकटेपण, त्यात एक काम हातचं सुटणार. येऊ द्या की. लाज कसली? फक्त दोन गोष्टी पाहा : रोज सात तास अंग टेकताय का, आणि रात्री पोटभर जेवताय का. तेवढं करूनही जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर तो वेगळा विषय, त्यासाठी 14416 या टेलिमानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : माझे बाबा वरच्यासारखंच लांबचं धावत कन्याकुमारीला पोचणार आहेत. आम्ही नातेवाईक मिळून वीसेक जण गुपचूप जाऊन शेवटचे दहा किलोमीटर त्यांच्याबरोबर धावणार, संगमावर ढोल-ताशा आणि मग सगळे समुद्रात. कल्पना कशी आहे? — एक लेक, नाशिक

उत्तर : बाळा, प्रेम कळलं, कल्पना रद्द कर.

गुपचूप नको, आधी सांग. महिनाभर ज्याने स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकलं नाही, त्याच्या अंगावर वीस माणसं सोडायची नाहीत. बरोबर धावायचं असेल तर एकटी तू, बाबांच्या मागे, दोन किलोमीटर. ताजी माणसं नकळत वेग वाढवतात आणि थकलेला माणूस मुलांसमोर ‘हळू’ म्हणत नाही. बाप असेल तर नाहीच नाही.

आता महत्त्वाचं. पोचल्यावर त्यांना फोटोसाठी उभं करू नका. धावताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. माणूस एकदम थांबला की ते रक्त पायांत साचतं, रक्तदाब पडतो आणि तो हारासकट खाली येतो. म्हणून पोचल्यावर दहा मिनिटं हळूहळू चालू दे. चक्कर आलीच तर आडवं करून पाय उंच करा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. पण पोचायच्या आधीच कुणी झोकांड्या खायला लागला, भलतंसलतं बोलायला लागला, तर ते साधं नसतं. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोरांदो पिएत्री मॅरेथॉनच्या शेवटी स्टेडियममध्ये चुकीच्या दिशेला वळला आणि पुन्हा पुन्हा पडला. अधिकाऱ्यांनी धरून त्याला रेषेपार नेलं आणि त्या मदतीमुळेच तो बाद झाला. लोकांना त्यात शौर्य दिसतं, मला उष्माघाताची शंका येते. तसं काही दिसलं तर सावली, अंगावर गार पाणी, अँब्युलन्स. रेषा राहू दे.

समुद्रात उडी नको. तिथे खडक आणि ओढ दोन्ही आहे. शिवाय फुटलेल्या फोडांना खारं पाणी लागलं की बाबांच्या तोंडून जे निघेल ते नातवंडांनी ऐकायला नको. घाटाच्या पायरीवर बसवून पाऊल ओलं करा, झालं. खुर्ची, एक नंबर मोठी चप्पल, कोरडा सदरा आणि काहीतरी खारट, एवढं घेऊन जा. विवेकानंद शिलास्मारक दुसऱ्या दिवशी दाखवा. ते उभारणारे एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले, बाबांना आवडेल. पण बोटीची रांग लांब असते, त्या दिवशी त्यांना रांगेत उभं करू नका.

ढोल-ताशा न्या हवं तर. तिथल्या पोलिसांना आधी विचारून.

प्रश्न : शेवट पन्नास किलोमीटरवर असताना डॉक्टरांनी थांबवलं. आता लोकांना काय सांगू? — एक धावपटू, सोलापूर

उत्तर : जेवढं धावलात तेवढं सांगा. कॅनडाचा टेरी फॉक्स कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला होता. 1980 मध्ये 143 दिवस आणि 5,373 किलोमीटर झाल्यावर थंडर बेजवळ त्याला थांबावं लागलं, कॅन्सर फुप्फुसात पसरला होता. त्याचं अंतर कुणी अपुरं म्हणून मोजत नाही. उरलेले पन्नास किलोमीटर पाय बरा झाल्यावर धावा, रस्ता कुठे जात नाही.

सगळ्यांसाठी एक : परत येताना आगगाडीत तासन् तास पाय लटकवून बसू नका. दर तासाला उठून डब्यात एक फेरी मारा आणि पोटरी एकाच बाजूची सुजून दुखायला लागली तर उतरल्या उतरल्या डॉक्टरांना दाखवा. आणि लोअर बर्थ आधीच मागा. चौथ्या दिवशी अप्पर बर्थवर चढता न आलेले दोन जण माझ्याकडे येऊन गेलेत, दोघांनीही दीड हजार किलोमीटर धावून दाखवले होते.