जर्मन शिकू की जपानी?

प्रश्न : बाई, मी कोल्हापुरात कसबा बावड्यात राहतो. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मोल्डिंगला आहेत, सुट्टीत मी उद्यमनगरात लेथवर जातो. चार-पाच वर्षं परदेशात सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, काम करून इकडंच परत यायचं आणि स्वतःचं जॉबवर्क सुरू करायचं, असं मनात आहे. एक क्लासवाले म्हणतात, साठ हजार भर, जपानी शीक, सहा महिन्यांत पाठवतो. मित्र म्हणतात जर्मन. मामा म्हणतात, मोबाइल सगळं भाषांतर करून देतो, पैसे कशाला घालवतोस? सगळ्यात उपयोगी परकी भाषा कोणती?

उत्तर : बाळा, आधी तुझ्या मामांना उत्तर देते.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकती जर्मन शिकवायला लागले होते. उद्यमनगरातले एक कारखानदार तेलाचे डाग पडलेलं ड्रॉइंग घेऊन घरी आले आणि मला शॉपमध्ये घेऊन गेले. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात दोन शब्द होते, ‘कांटन गेब्रोखन’. मी शब्दकोश बघून पेन्सिलीनं शेजारी लिहिलं, ‘कडा मोडलेल्या’. मालकांचा चेहरा उतरला. मोडका माल कोण मागवतं? तेवढ्यात लेथवरचे वयस्क टर्नर फडक्याला हात पुसत आले, त्यांनी ड्रॉइंग उजेडात धरलं आणि म्हणाले, “म्हंजे धार मोडायची ओ बाई. हाताला लागाय नगो म्हणून.” अगदी बरोबर. मशीनिंग झाल्यावर कडेची तीक्ष्ण धार घालवायची, एवढाच त्याचा अर्थ. शब्द मला येत होते, काम त्यांना येत होतं, आणि उत्तर दोन्ही एकत्र आल्यावर मिळालं. मोबाइल आज तुला शब्द देईल. तो शब्द बरोबर आहे की नाही, हे ओळखायला काम आणि भाषा दोन्ही एकाच डोक्यात लागतात. त्यातलं काम तुझ्या हातात आधीच आहे.

आता भाषा. सगळ्या जगाला लागू पडेल अशी एकच उपयोगी भाषा नसते. तुझा बेत बघून मी जर्मन सांगते. मी जर्मनची शिक्षिका आहे, म्हणून जपानीची बाजूही नीट सांगायला हवी.

जपानीला लोक उगाच भितात. लिपी अवघड आहे, हे खरं. रोजच्या वापरातल्या चित्रलिपीच्या खुणांची सरकारी यादीच २१३६ खुणांची आहे. पण वाक्य आपल्या अंगणातलं. ‘वाताशी वा गाक्को नि इकिमास’ म्हणजे ‘मी शाळेला जातो’. ‘गाक्को’ शाळा, ‘नि’ म्हणजे आपला ‘ला’, क्रियापद शेवटी. त्यांच्या अक्षरांचा क्रमही अ, क, स, त, न, ह, म असा चालतो. तो बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेवरून आला. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वहीत ती ओळ पुन्हा पुन्हा लिहून बघितली होती. जपानी भाषेच्या पाच पातळ्यांच्या जेएलपीटी परीक्षेतली खालून दुसरी, एन-४, आणि तुझ्या कामाची कौशल्य परीक्षा, एवढ्यावर तिथला विशिष्ट कौशल्याचा व्हिसा मागता येतो. म्हणजे दार लवकर उघडतं. पण त्या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात एकूण पाच वर्षं राहता येतं आणि कुटुंब नेता येत नाही.

जर्मनीत शिकत-शिकत कमवायचं प्रशिक्षण असतं, त्याला आउसबिल्डुंग म्हणतात. त्यासाठी बहुतेक ठिकाणी भाषेची बी-१ पातळी मागतात, म्हणजे ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांतली तिसरी. दार उशिरा उघडतं. पण तुला परत यायचं आहे, म्हणून मी तुझ्या परतल्यानंतरच्या दिवसांचा विचार करते. आपल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, युरोपात जातं. तिकडून ड्रॉइंग येतं, तक्रारीचा मेल येतो, कधी खरेदी खात्याचा माणूस स्वतः येतो. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारे जॉबवर्कवाले किती भेटतात? शिवाय २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. त्याची आजची स्थिती सरकारी कचेरीत विचार, एजंटला नको.

जर्मनमध्ये तुला छळतील ती लिंगं. चमचा ‘तो’, काटा ‘ती’, सुरी ‘ते’. इंग्रजीतून शिकणारा इथं रडकुंडीला येतो. तुला तो-ती-ते नवीन नाही, फक्त कुठल्या शब्दाला काय ते पाठ करायचं. आणि ‘कारण मी आजारी आहे’ म्हणताना त्यांचंही ‘आहे’ शेवटी जातं : ‘वाइल इश क्रांक बिन’.

जर्मनसाठी सहा महिन्यांचं मात्र मनातून काढ. शून्यापासून बी-१ पर्यंत ४५ मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात, असं जर्मन शिकवणारी आणि परीक्षा घेणारी गोएथे इन्स्टिट्यूटच सांगते. रोज दोन, आठवड्याला पाच दिवस धरले तरी ३५ ते ६५ आठवडे झाले. क्लासवाल्यांना एकच विचार : शेवटी परीक्षा कोण घेणार? जर्मनला गोएथे, टेल्क, ओएसडी अशा मान्य परीक्षेचं प्रमाणपत्र चालतं, क्लासच्या शिक्क्याचं नाही. माझ्याच एका विद्यार्थ्यानं अशा शिक्क्यासाठी वडिलांची म्हैस विकून पैसे भरले होते. प्रमाणपत्र व्हिसाच्या खिडकीवरून परत आलं. त्या घरी जाऊन काय बोलावं, मला सुचलं नव्हतं. साठ हजार एकरकमी भरू नकोस. शिवाजी विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात आधी चौकशी कर, गोएथेच्या परीक्षेला पुण्याला मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे त्यांच्याच इथल्या केंद्रात, जाता येतं. दिवाळीपर्यंत ए-१ दे. तोवर कंटाळा आला, तर फार पैसे न घालवता जपानीकडं वळायला मोकळा राहशील.

आणि शॉपमधल्या एखाद्या जुन्या जर्मन ड्रॉइंगची झेरॉक्स माग. रोज त्यातला एक शब्द वहीत उतरव, शेजारी तुमच्या लेथवर त्याला काय म्हणतात तेही लिही.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. फ्रेंचला मार्क चांगले पडतात म्हणून ते घ्यायचं म्हणते. पुढं उपयोग होईल का? (एक आई, राजारामपुरी)

उत्तर : ताई, घेऊ द्या. पण मार्कांबरोबर तिला डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची ए-२ पातळीही द्यायला लावा, ते प्रमाणपत्र कायमचं असतं. दोन वर्षं पेपर लिहून पैकीच्या पैकी आणणाऱ्या मुलींना साधा रस्ता विचारता येत नाही, हे मी वर्गात पाहिलंय. रोज रात्री जेवताना पानात काय काय आहे, ते तिला फ्रेंचमध्ये सांगायला लावा. तुम्हाला कळलं नाही तरी ऐका.